२००८ ला ओबामा बरा की हिलरी?

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट्सचा उमेदवार म्हणून दोघांत कोण बरं, हा वाद जुना झाला तरी अजून रंगतो. हिलरीकडे नाव होतं, नवरा बिल क्लिंटन अध्यक्ष असतानापासूनची माणसं होती, आणि ओहायो, पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) तिनेच मारली, म्हणून तिचे लोक म्हणायचे की नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत हीच चालणार. पण प्रायमरीत तिला मत दिलं म्हणजे नंतर ओबामाला देणार नाहीत असं थोडीच असतं! दोन्ही राज्यं त्याने घेतलीच की.

खरा फरक इराकचा. २००२ मध्ये हिलरीने सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलेलं, ओबामा तेव्हा इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये, त्यामुळे त्याच्यावर मत द्यायची वेळच आली नाही, विरोधात भाषण मात्र ठोकलं. नशीब म्हणा हवं तर.

दुसरं म्हणजे हिशोब. डेमोक्रॅट्समध्ये डेलिगेट (उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे मोठं राज्य जिंकूनही फार काही हाती लागत नाही. हिलरीने न्यू जर्सीत ११ डेलिगेटची आघाडी घेतली, ओबामाने इवल्याशा आयडाहोच्या कॉकसमध्ये (प्रायमरीऐवजी पक्षाच्या सभांमधून होणारी निवड) १२ ची! तिच्या टीमने कॉकसवाली राज्यं एवढी हलक्यात का घेतली, मला आजही कळत नाही.

रिपब्लिकन उमेदवार मॅकेनसमोर हिलरीही जिंकली असती बहुतेक, सप्टेंबरमध्ये लेहमन ही बडी बँक बुडाल्यावर सत्तेतल्या रिपब्लिकनांचं अवघडच होतं. पण ओबामासारखी ३६५ इलेक्टोरल मतं (राज्याराज्याला ठरवून दिलेली, अध्यक्ष ठरवणारी मतं), त्यात १९६४ नंतर तोवर डेमोक्रॅट्सना कधीच न मिळालेलं व्हर्जिनिया आणि इंडियाना? व्हर्जिनिया एकवेळ मानेन, इंडियाना नाही वाटत.