रिटर्न ऑफ द ओब्रा डिन : साठ माणसांचा हिशेब

गुप्तहेरकथांवर बेतलेल्या बहुतेक व्हिडिओ गेममध्ये तपास खेळाडूच्या नावावर जमा होतो आणि डोके मात्र पडद्यावरच्या गुप्तहेराचे चालते. खोलीत फिरून चमकणाऱ्या वस्तूंवर क्लिक करायचे, समोरच्या पात्राला यादीतले सगळे प्रश्न विचारून संपवायचे, की उरलेली संगती तो नायक स्वतःच लावून मोकळा होतो. लुकस पोप यांनी जवळजवळ एकहाती घडवलेला आणि २०१८ मध्ये आपल्याच '३९०९' या छोट्या कंपनीतर्फे प्रकाशित केलेला 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा खेळ या पठडीत बसत नाही, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनीही त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

कथानकाचा आरंभ एखाद्या सरकारी अहवालासारखा कोरडा आहे. १८०२ मध्ये दोनशे टनांहून अधिक माल घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघालेले 'ओब्रा डिन' हे व्यापारी जहाज केप ऑफ गुड होपला पोहोचतच नाही, ते बुडाले असे जाहीर होते, आणि १८०७ च्या ऑक्टोबरात ते फाटक्या शिडांनिशी इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरात वाहत येते. जहाजावर जिवंत माणूस एकही दिसत नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. (ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्था हे ज्वालाग्राही इंधन भरलेले 'नू शी नलिनी' हे निर्मनुष्य जहाज मुरगावहून वाहत येऊन दोनापावलच्या खडकांवर रुतले होते. तेव्हाची गोव्यातली घबराट आणि जबाबदारी कोणाची यावरचे वाद ज्यांना आठवत असतील, त्यांना जहाज सापडताच विमा निरीक्षक का धाडावा लागतो, हे समजावून सांगायला नको.)

आपल्या हाती दोनच साधने असतात : एक खिशातले घड्याळ आणि एक वही. मृतदेहाजवळ किंवा हाडांच्या सापळ्याजवळ घड्याळ उघडले की आधी काळ्या पडद्यावर मरणापूर्वीचे आवाज ऐकू येतात आणि मग मरणाचा नेमका क्षण गोठलेल्या दृश्यासारखा आपल्याभोवती उभा राहतो. पहिलाच प्रसंग पाहा. कप्तानाच्या खोलीबाहेर काही माणसे दार उघडण्यासाठी ओरडत आहेत, दार उघडते, गोळी सुटते. मारणारा कोण हे लगेच कळते, कारण सगळे त्याला 'कॅप्टन' म्हणून हाक मारत असतात. परंतु मेलेल्या माणसाचे नाव कोणीच उच्चारत नाही. खुनी पहिल्या मिनिटात सापडला आणि मृताची ओळख मात्र पुष्कळ पुढे जाऊन पटते, ही उलटापालट मला या प्रकारातल्या दुसऱ्या कोणत्याही खेळात इतक्या सहजपणे साधलेली आढळली नाही.

वहीत जहाजावरच्या साठ जणांची यादी आहे : नाव, हुद्दा, मूळ देश. प्रत्येकाचा चेहरा, नाव आणि शेवट कसा झाला हे आपण जुळवायचे, आणि खून असेल तर मारणाऱ्याचेही नाव लिहायचे. उत्तर बरोबर की चूक हे खेळ लगेच सांगत नाही. तीन नोंदी पूर्ण बरोबर झाल्या म्हणजेच त्या तिन्ही एकदम छापील अक्षरांत पक्क्या होतात. या एका नियमावर सगळा डोलारा उभा आहे. अंदाजाने ठोकून देणाऱ्याला पुरता वाव मिळत नाही, पण दोन उत्तरे खात्रीची असतील तर तिसऱ्यासाठी थोडा जुगार खेळता येतो, आणि पोप यांना तेही चालते असे दिसते. पुरेशी माहिती पाहून होईपर्यंत वहीतला चेहरा धूसर ठेवण्याची युक्तीही चांगली आहे, कारण नसते डोके कोठे फोडू नये एवढे त्यातून कळते.

ओळख पटवण्याच्या खुणा बारीक आहेत. कोणाच्या झोपायच्या टांगत्या झोळीवर कोणता क्रमांक आहे, कोण कोणाच्या शेजारी उभा राहतो, कोणाच्या पायात कसले बूट आहेत, बोलण्याचा हेल आयर्लंडचा की स्कॉटलंडचा. हेलांची परीक्षा आपल्या कानांना जड जाते आणि खेळ मराठीत किंवा हिंदीत नसल्यामुळे इंग्रजी चांगले असणे भाग आहे. बोसन, मेट, स्टुअर्ड या जहाजावरच्या हुद्द्यांतला फरक मात्र तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, माणसांच्या घरात वाढलेल्याला वहीतली शब्दसूची न उघडताही ठाऊक असतो. यादीत भारतीय आणि चिनी खलाशीही आहेत. त्यांची दखल घेतली हे इतिहासाला धरून आहे, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांना स्वतंत्र स्वभाव, हेवेदावे आणि मोहही मिळतात, तेवढा विस्तार या खलाशांच्या वाट्याला आलेला नाही. पोशाख आणि सोबतीवरून त्यांना वेगळे काढताना ही उणीव मला टोचली.

चित्रे जुन्या मॅकिंटॉश संगणकाप्रमाणे केवळ दोन रंगांच्या ठिपक्यांची आहेत. सुरुवातीला डोळ्यांना त्रास होतो, नंतर सवय होते. संगीतही पोप यांचेच, आणि ते दमदार आहे. खरी तक्रार वेगळी आहे : मरणाचे एखादे दृश्य पुन्हा पाहायचे तर वहीतून थेट तेथे जाता येत नाही, त्या सापळ्यापर्यंत जहाजावर चालत जावे लागते. उत्तरार्धात, तपासणीसाठी मागे-पुढे करावे लागते तेव्हा, हे अगदी कंटाळवाणे होते.

मोठ्या प्रकाशकांना असा खेळ परवडत नसावा, कारण खेळाडू अडकून राहील ही धास्ती त्यांच्या रचनेत पदोपदी जाणवते. अपवाद आहेत. युक्रेनच्या फ्रॉगवेअर्सने २०१४ च्या शेरलॉक होम्सवरील 'क्राइम्स अँड पनिशमेंट्स' या खेळात चुकीच्या माणसावर आरोप ठेवण्याची मोकळीक दिली होती. लॅटव्हियातल्या दोन भावांचा, प्लेस्टॅकने २०२२ मध्ये प्रकाशित केलेला 'द केस ऑफ द गोल्डन आयडल' तर ओब्रा डिनचाच वारस म्हणावा लागेल. फक्त त्यात गाळलेल्या जागा भरायच्या असतात आणि चुका दोन किंवा कमी उरल्या की खेळ तसे कळवतो, त्यामुळे तो थोडा सोपा जातो.

दोन्ही घ्यायचे असतील तर ओब्रा डिन आधी खेळावा. त्याला महागडा संगणक लागत नाही, आणि २०१९ पासून तो स्विच, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या खेळयंत्रांवरही मिळतो. एकदा उत्तरे कळली की दुसऱ्यांदा खेळण्यात अर्थ उरत नाही, म्हणून यूट्यूबवर त्याचा एकही व्हिडिओ पाहू नये. शक्य असल्यास घरातले आणखी कोणी शेजारी बसवावे. झोळीवरचा क्रमांक बहुधा त्यालाच आधी दिसतो.