पुण्याची बस की अमेरिकेचं विमान?

पिचवर मॅटिंगचे खिळे ठोकता ठोकता भाच्याने विचारलं, "मामा, क्रिकेटसाठी इथेच झगडू की अमेरिकेत जाऊ?"

इथली वाट म्हणजे जळगावहून रात्रीची ट्रॅव्हल्स, पायाशी किटबॅग, पहाटे पुणे आणि निवड चाचणी. महाराष्ट्राच्या संघात जागा अकरा, आणि त्यासाठी धुळे-नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतची पोरं झगडतात. पण एकदा अकरात आलं की रणजी करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेत, नवख्यालाही दिवसाला 40,000 रुपये मिळतात, आणि भारताच्या संघाचं दार उघडं राहतं.

तिकडचं उदाहरण सौरभ नेत्रावळकरचं. 2010 चा अंडर-19 विश्वचषक खेळलेला हा डावखुरा गोलंदाज. मुंबईकडून रणजीचा एकच सामना मिळाला, मग 2015 मध्ये तो शिकायला अमेरिकेत गेला. 2024 च्या टी-20 विश्वचषकात पाकिस्तानला हरवणारी सुपर ओव्हर, म्हणजे बरोबरीनंतरची निर्णायक ओव्हर, अमेरिकेकडून त्यानेच टाकली! पण त्याच्या हातात कॉम्प्युटरची पदवी होती, हे लोक विसरतात. भारताच्या अंडर-19 संघाचा माजी कर्णधार उन्मुक्त चंदने 2021 मध्ये आधी भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घेतली, मग तिकडे खेळला. शिवाय नव्या देशाकडून खेळायला तीन वर्षांच्या वास्तव्याची अट.

मला इथलीच वाट बरी वाटते. भाऊ, पदवी हातात येईपर्यंत तरी पुण्याची बस सोडू नको.