निम्म्या किमतीचे व्हाउचर आणि माझे ३८,००० रुपये

नेटवर्किंगची पहिली प्रमाणपत्र परीक्षा देऊ पाहणाऱ्यांनी सावध व्हावे, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे. कॉम्पटिया नेटवर्क प्लस या परीक्षेची तयारी करून देतो, तिचे व्हाउचर (परीक्षेची फी भरल्याचा कोड) निम्म्या किमतीत मिळवून देतो आणि नापास झालात तर सगळे पैसे परत करतो, असे सांगणाऱ्या एका ऑनलाइन शिकवणीने सहा आठवड्यांत माझ्याकडून नोंदणीचे २,०००, शुल्काचे १८,५००, व्हाउचरचे १४,००० आणि ‘तारीख राखून ठेवण्याचे’ ३,५००, असे एकूण ३८,००० रुपये उकळले. असले सापळे कसे लावतात हे मलाही ठाऊक होते, आणि तेच जास्त झोंबते.

जिथे थांबायला हवे होते, तो क्षण मनातून जात नाही. तिसऱ्या तासाला सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडणे, चालू होते. शिकवणाऱ्याने पडद्यावर १९२.१६८.१०.०/२६ असे लिहिले आणि या नेटवर्कमध्ये ६४ उपकरणांना पत्ते देता येतात, असे ठामपणे सांगितले. तेच गणित मी आदल्या रात्री वहीत सोडवले होते: पत्त्याच्या ३२ बिटांपैकी २६ नेटवर्कचे, उरलेल्या ६ बिटांचे ६४ पत्ते, त्यांतला पहिला, शेवटी ० असलेला, नेटवर्कचा आणि शेवटचा, ६३ चा, ब्रॉडकास्टचा (सगळ्या उपकरणांना एकदम संदेश पाठवण्याचा), ते वगळले की ६२. मी तसे विचारताच, ‘मॅडम, परीक्षेत एवढ्या खोलात जात नाहीत, उत्तरे पाठ करा,’ असे म्हणून त्यांनी पुढची स्लाइड लावली. मी गप्प बसले आणि वहीतल्या बरोबर उत्तरापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढले. तोवर २०,५०० रुपये गेले होते. उरलेले १७,५०० मी त्यानंतर भरले.

मी अडाणी नाही. वर्षभर अर्ज करून थकले होते, जिथे तिथे प्रमाणपत्र मागत होते, आणि ओएसआय या नेटवर्कच्या नमुन्याचे सात स्तर व पोर्ट क्रमांक एकटीने घोकताना कोणीतरी नीट शिकवावे असे वाटण्यात माझे काय चुकले? शिकवणीच्या गटात रोज कोणी ना कोणी आपले प्रमाणपत्र टाकत असे. ती माणसे त्यांचीच असणार, हे आता कळते. प्रमाणपत्राचे नुसते चित्र पाहून विश्वास ठेवू नका, पडताळणीचा कोड मागा.

पाचव्या आठवड्यात ‘खऱ्या प्रश्नां’ची फाइल आली. ती एन१०-००८ ची, म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालेल्या आवृत्तीची होती. तिच्या जागी एन१०-००९ आली आहे. अशी फाइल खरी असली तरी तिला हात लावू नये, कारण फुटलेले प्रश्न वापरल्याचे आढळल्यास निकाल रद्द होऊ शकतो. आणि ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवताना त्यांतले काही प्रत्यक्ष मांडणी करून दाखवायचे असतात, तिथे पाठांतर कामाला येत नाही.

व्हाउचरचा कोड टाकला, तर तो आधीच वापरलेला निघाला. त्या दिवसापासून त्यांचा फोन बंद आहे.

बँकेत गेले, तर ‘ओटीपी तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार?’ असे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने पुन्हा पोलीस ठाण्याकडे. व्यवहारांच्या उताऱ्यावर बँकेचा शिक्का आणा म्हणाले. बँक म्हणाली, पोलिसांचे पत्र आणा. तीन आठवड्यांत पाच खेपा घातल्यावर एका अधिकाऱ्याने, तास तर झाले ना, मग हा पैशांचा आपसातला वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा, असे सुनावले. चुकीचे शिकवणे आणि वापरलेला कोड विकणे यांत त्यांना फसवणूक दिसतच नव्हती, आणि माझी वही त्यांनी उघडूनही पाहिली नाही. तक्रारीची पोच मिळाली, ती मी हट्टाने बसून राहिले म्हणून.

व्हाउचर थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. अभ्यासक्रमाची अधिकृत उद्दिष्टे फुकट मिळतात, आधी ती उघडा आणि शिकवणाऱ्याचा प्रत्येक तास त्यांच्याशी ताडून पाहा. सरावासाठी नेटवर्कची नक्कल करणारे सिस्कोचे पॅकेट ट्रेसर आणि नेटवर्कवरून काय जाते ते दाखवणारे वायरशार्क हीदेखील फुकट आहेत. त्यांसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथेच उठा.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने नव्या शिकवणीची जाहिरात मला पाठवली. नाव वेगळे आहे, नोंदणी २,००० रुपयेच आहे, आणि नमुना तासात तीच स्लाइड आहे, /२६ पुढे ६४ लिहिलेली.