टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन: पोळ्यापासून वैशाखापर्यंत

पोळ्याच्या आठवड्यात सासऱ्यांना दाखवायला चोपड्याला दवाखान्यात गेलो होतो. सहज माझंही बीपी बघितलं, तर १७०/१०४. त्रास काहीच नव्हता, म्हणून विश्वास बसेना. वेगवेगळ्या दिवशी परत मोजलं, आकडा हलला नाही. वडील ५८व्या वर्षी लकव्याने अंथरुणाला खिळले, ते मी पाहिलंय. गोळी मुकाट्याने सुरू केली.

आधी एकटी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. बीपी उतरलं, पण तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घोटे सुजायला लागले. मला वाटलं, किडनी गेली. डॉक्टरांनी क्रिएटिनिन आणि लघवी तपासली; दोन्ही ठीक. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यातून पाणी पायाकडे झिरपतं, असं त्यांनी समजावलं आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. महिन्याभरात सूज पुष्कळ ओसरली. रात्री कोलेस्टेरॉलसाठी रोसुवास्टॅटिन १० असते; एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५८ होतं, तीन महिन्यांनी ८४ आलं.

चूक माझ्याकडून लग्नसराईत झाली. आकडा १२६/८० दिसला आणि बरा झालो समजून गोळ्या बंद केल्या. दोन आठवड्यांत पुन्हा १६०च्या वर. तो १२६ गोळीचा होता, माझा नव्हता. तेव्हापासून आई रोज सकाळी चहाआधी विचारते, "गोयी लिधी का?" (गोळी घेतली का?)

आमची केळीची बाग. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं असं वाचून मी केळी सोडली होती. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ४.४ आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, किडनी चांगली आहे, रोज एखादं केळं खा. बंद करायला लावलं ते दुसरंच: बीपीवाल्यांसाठी म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि या गोळीसोबत ते विचारल्याशिवाय खाऊ नये. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय. आता साधंच मीठ, पण हात आखडून. भरीत कमी मिठात जमतं. बिबडे (ज्वारीचे पापड), लोणचं सुटलं. शेवभाजी मात्र महिन्यातून एकदाच, कारण शेवच खारट.

वैशाखात पारा ४४वर असताना बागेत उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी मोजलं, १०२/६४. यावेळी मनाने गोळी बंद केली नाही, फोन केला. अ‍ॅम्लोडिपिन २.५वर आणली आहे. पाऊस पडला की परत मोजून ठरवायचंय.