टेनिस एल्बो: स्टिरॉइड घ्यावं की पीआरपी?

कोपराचा पट्टा वापरून झाला, गोळ्या झाल्या, व्यायामही चालू आहे, तरी दुखणं हटत नाही आणि डॉक्टर म्हणतात, "आता इंजेक्शनचा विचार करू या." टेनिस एल्बोत, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूला स्नायू हाडाला जोडणारा स्नायूबंध झिजून होणाऱ्या दुखण्यात, इथवर आलेल्यांसाठी हे लिहितोय. एकाच कोपरात मी दोन्ही घेतली आहेत. आधी स्टिरॉइड, बऱ्याच काळाने पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्स या रक्तपेशींनी भरलेला द्रव; झिजलेल्या जागेची दुरुस्ती व्हावी म्हणून टोचतात). एका कोपराचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे धरूनच वाचा.

लवकर आराम हवा असेल तर स्टिरॉइडला तोड नाही. थोड्याच दिवसांत पेला उचलताना, टॉवेल पिळताना उठणारी कळ नाहीशी होते. पीआरपीचं उलटं. सुईनंतर काही दिवस कोपर आधीपेक्षा जास्त ठणकतं आणि नेमकी तेव्हाच आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्यांना बंदी असते. प्लेटलेट्सकडून जे काम करून घ्यायचं, त्यातच या गोळ्या अडथळा आणतात असं मानतात. पॅरासिटामॉलवर भागवावं लागतं. (हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नका.) फरक जाणवायला कित्येक आठवडे जातात, आणि खर्चही पीआरपीचाच जास्त.

एवढं असूनही माझा कल पीआरपीकडे आहे, आणि त्याचं कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल. स्टिरॉइडनंतर कोपर इतकं गप्प झालं की व्यायाम किती करायचा तेच कळेना. या दुखण्यात खरं काम मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या व्यायामाचं. वजन हळूहळू वाढवायचं, आणि किती वाढवायचं ते दुखण्यावरून ठरवायचं. करताना थोडं दुखलं पण दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं, तर ठीक; रेंगाळलं तर वजन कमी. फिजिओथेरपिस्ट दर वेळी विचारायच्या, "मागच्या वेळेनंतर किती दुखलं?" माझं उत्तर ठरलेलं: शून्य. पेट्रोलचा काटा मोडलेली गाडी चालवावी तसा प्रकार. स्नायूबंध आतून झिजलेलाच होता, फक्त तक्रार करत नव्हता. वजन वाढवावं तर इजा होतेय का कळत नाही, न वाढवावं तर व्यायामाचा उपयोग नाही. त्या म्हणायच्या, "अंदाजाने जाऊ या." या अंदाजाचा मला अतोनात वैताग आला. औषध ओसरलं तशी कळही परतली.

हे माझ्याच नशिबात होतं असं नाही. ऑस्ट्रेलियात झालेला 165 रुग्णांचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टिरॉइड घेतलेल्यांत 54 टक्के निघालं, तर नुसतं सलाइन, म्हणजे औषध नसलेलं मिठाचं पाणी, टोचलेल्यांत 12 टक्के.

पीआरपीनंतर कोपर दुखत राहिलं, पण खरं बोलत राहिलं. वजन वाढवलं की उत्तर मिळायचं, आणि त्या उत्तरावर पुढचा आठवडा आखता यायचा. सुधारणा संथ होती, टिकली मात्र. आता याचं श्रेय प्लेटलेट्सना किती आणि निव्वळ काळाला किती? नेदरलँड्समधल्या 100 रुग्णांच्या अभ्यासात वर्षाने आणि दोन वर्षांनीही पीआरपी स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं होतं खरं. पण तिथला प्रतिस्पर्धी कालांतराने मागेच पडणारा. सलाइनशी गाठ पडली की पीआरपीचा वरचष्मा दिसत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2021 च्या कॉक्रेन आढाव्याचा सूरही तोच. म्हणून वर्षभर धीर धरण्यासारखी परिस्थिती असेल, तर काहीही न टोचता नुसता व्यायाम करणारा माणूस मला सगळ्यांत शहाणा वाटतो. बहुतेकांचं कोपर तेवढ्यात सुधारतं. सुई घ्यायचीच असेल, तर निदान काटा मोडणारी नको, एवढंच माझं म्हणणं.

स्टिरॉइडच्या बाजूने बोलायचं तर खांदा आखडलाय, रात्रीची झोप उडालीय, अशा वेळी मी ते बिनदिक्कत घेईन. मधुमेह असलेल्यांनी पुढचे काही दिवस साखरेवर लक्ष ठेवावं, ती चढते. कोपरावरची त्वचा पातळ असल्याने तिथे फिकट डागही पडू शकतो.

माझा कल गुडघ्याला मात्र लावू नका. गुडघ्याच्या झिजेवर 288 जणांचा अभ्यास 2021 मध्ये आला. वर्षाअखेर दुखण्यात पीआरपी आणि सलाइन यांच्यात दखल घ्यावी असा फरक नव्हता.

पीआरपी ठरवलंच, तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या: त्यात पांढऱ्या पेशी ठेवणार की काढणार, आणि सुई सोनोग्राफीत बघून देणार का. बनवण्याची पद्धत ठिकठिकाणी वेगळी असते, त्यामुळे ओळखीतल्या कुणाला गुण आला ते आणि तुम्हाला मिळणार ते एकच असेल असं नाही. फिजिओथेरपीची वेळही इंजेक्शनच्या आधीच ठरवून ठेवा.