विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन बाजाराचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुरते मर्यादित असलेले खरेदी-विक्रीचे एक संकेतस्थळ मी गेले ८ महिने वापरत आहे. या काळात माझे १४ व्यवहार झाले. त्यांपैकी ९ खरेदीचे आणि ५ विक्रीचे होते. बहुतेक व्यवहार पाठ्यपुस्तकांचे होते. त्यांखेरीज एक कॅल्क्युलेटर आणि एक लॅपटॉप विकला, तर एक जुना फोन विकत घेतला. पहिल्याच आठवड्यात हा अनुभव लिहायला बसलो असतो तर विद्यापीठाच्या ईमेलवरून होणाऱ्या पडताळणीचे कौतुक करून थांबलो असतो. आता मात्र ती पडताळणी मला या व्यवस्थेतील सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट वाटते.

ही कल्पना मुळात जुनीच आहे. २००४ मध्ये फेसबुक सुरू झाले तेव्हा तेथेही प्रवेशासाठी हार्वर्डचा ईमेल लागत असे. समोरची व्यक्ती आपल्याच विद्यापीठातील आहे एवढे कळले की मन निर्धास्त होते, आणि नेमकी तेथेच चूक होते. शिक्षण संपल्यानंतरही अनेकांचा ईमेल बराच काळ चालू राहतो. शिवाय एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला की चोरालाही ‘पडताळणी झालेला विद्यार्थी’ अशी खूण आपोआप मिळते. एका विक्रेत्याच्या नावापुढे ती खूण होती, पण तो वस्तू दाखवायला कधीही विद्यापीठाच्या आवारात यायला तयार नसे. तक्रार केल्यावर ते खाते बंद झाले. त्यानंतर दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाची नव्याने पडताळणी होऊ लागली. हा बदल पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

खरे संरक्षण मिळाले ते पैसे राखून ठेवण्याच्या पद्धतीमुळे. खरेदीदाराने भरलेली रक्कम थेट विक्रेत्याकडे जात नाही, ती मध्येच थांबते. खरेदीदाराला ६ अंकी संकेतांक मिळतो. वस्तू प्रत्यक्ष पाहून समाधान झाल्यावर त्याने तो विक्रेत्याला सांगायचा आणि विक्रेत्याने तो भरला की रक्कम मोकळी होते. ऐकायला ही पद्धत निर्दोष वाटते, परंतु फोन घेताना विक्रेत्याने आदल्या रात्रीच संदेश पाठवला की, ‘उद्या घाई असेल, संकेतांक आत्ताच पाठवून ठेवा.’ मी तो टाइपही केला होता, पण पाठवण्याआधी थांबलो. म्हणजे कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली मागून घेणारा भेटतोच. पुढे संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी संकेतांक आधीपासून दिसण्याची सोय काढून टाकली. आता खरेदीदाराने ‘वस्तू पाहिली’ असे नोंदवल्यावरच तो दिसतो. धोक्याच्या दहा सूचना झळकवण्यापेक्षा हा एक बदल मला जास्त मोलाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी फोन पाहायला गेलो तेव्हा *#०६# दाबून दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, मी जाहिरातीतील क्रमांकाशी ताडून पाहिला आणि जुन्या मालकाचे खाते फोनमधून निघाले आहे याचीही खात्री करून घेतली. या दोन्ही गोष्टी मला संकेतस्थळावरच्या तपासणी यादीमुळे सुचल्या. पुस्तकांसाठी १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, भरावा लागतो, त्यामुळे जुनी आवृत्ती नवी म्हणून खपवण्याचे प्रकार बरेच थांबले.

सर्वांत गंभीर उणीव तिसऱ्या महिन्यात उघड झाली. व्यवहाराचे पान उघडले असता त्या पानाच्या वेबपत्त्याच्या शेवटी एक क्रमांक दिसत असे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तो एकाने वाढवून पाहिला, तर दुसऱ्याच विद्यार्थ्याचा व्यवहार समोर आला, त्यात त्याचा फोन क्रमांक आणि वसतिगृहातील खोलीचा क्रमांकही होता. लॉगिन झाले आहे की नाही एवढेच तपासले जात होते. हा व्यवहार लॉगिन केलेल्या व्यक्तीचाच आहे का, हे कोणी पाहतच नव्हते. सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत वेब अ‍ॅप्लिकेशनच्या जोखमींमध्ये अशा प्रवेशनियंत्रणाच्या त्रुटींना पहिले स्थान आहे, म्हणजे ही काही दुर्मीळ चूक नव्हे. कळवल्यानंतर २ दिवसांत दुरुस्ती झाली, मात्र ज्यांची माहिती उघडी पडली होती त्यांना त्याबद्दल कळवायला ३ आठवडे लागले. त्या विलंबाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. छायाचित्र कोठे काढले याची फाइलमधील नोंद मात्र संकेतस्थळावर अपलोड होतानाच पुसली जाते. मी स्वतः लॅपटॉपचा फोटो टाकून, तो परत उतरवून घेऊन तपासले आहे.

परस्परांना गुण देण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत संमिश्र आहे. वाईट शेरा दिला तर समोरचाही सूड म्हणून तसाच देईल ही भीती जुनीच आहे. याच कारणाने ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने २००८ मध्ये विक्रेत्यांना खरेदीदारांविषयी नकारात्मक शेरा देण्याची मुभाच काढून घेतली होती. येथे दोघांनीही लिहिल्यानंतर, किंवा १४ दिवस उलटल्यानंतर, दोन्ही शेरे एकाच वेळी प्रसिद्ध होतात. सुडाची भीती त्यामुळे कमी झाली, तरीही बहुतेक जण पाचपैकी पाच गुण देऊन मोकळे होतात. रोज वर्गात भेटणाऱ्या मुलाला तीन गुण कोण देणार?

तक्रार निवारणाचे काम विद्यार्थी स्वयंसेवकच पाहतात, आणि परीक्षेच्या काळात ते ठप्प होते. माझी एक तक्रार ११ दिवस पडून होती. रक्कम तोपर्यंत सुरक्षित होती हे खरे, पण मलाही ती वापरता येत नव्हती.

पुढील महिन्यात माझे शेवटचे सत्र संपेल. तेव्हा खात्याचे काय होणार असे विचारले असता, नवी जाहिरात टाकता येणार नाही, परंतु चालू व्यवहार आणि तक्रारी पूर्ण करता येतील, असे उत्तर आले. उरलेली पुस्तके त्याआधीच विकायची आहेत, म्हणून त्यांची जाहिरात आजच टाकली आहे.