बेब्लेड एक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर: आधी स्टेडियम, मग लाँचिंग, ब्लेडं सगळ्यात शेवटी

नाशिकमध्ये मेन रोड किंवा शालिमारला खेळण्यांच्या दुकानात "बेब्लेड दाखवा" म्हटलं, की समोर जे येतं ते एकाच जातीचं असेलच असं नाही. लाँचरने फिरवून स्टेडियम नावाच्या खोलगट रिंगणात लढवायच्या या भोवऱ्यांच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत आणि त्यांचे भाग एकमेकांत बसत नाहीत. २००८ ची मेटल, २०१५ ची बर्स्ट आणि जुलै २०२३ मध्ये जपानात आलेली एक्स. हा अनुभव फक्त एक्सचा आहे, कारण आज स्पर्धेसाठी खेळायचं असेल तर तीच घ्यायला हवी. घरातल्या मोठ्या भावंडांचे जुने टॉप आणि लाँचर इथे उपयोगाचे नाहीत. ओळखायची सोपी खूण म्हणजे नावापुढचा आकडा. ३-६०एफ, ४-८०बी असं काही लिहिलेलं असेल तर तो एक्सचा माल.

तो आकडा वाचता आला की अर्धा खेळ कळतो. एक बे, म्हणजे एक भोवरा, साधारणपणे तीन भागांचा असतो: वर धातूचं ब्लेड, मध्ये प्लास्टिकचं रॅचेट आणि खाली, भोवऱ्याला जिथे आर असते तिथे, बिट. ३-६०एफ मधला ३ म्हणजे रॅचेटला तीन टोकं, ६० म्हणजे त्याची उंची ६.० मिलिमीटर आणि एफ म्हणजे फ्लॅट बिट. ८० असेल तर उंची ८.० मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक हातात जाणवत नाही, पण लढतीत फार मोठा ठरतो. उंच रॅचेट ब्लेडच्या खाली जास्त उघडं राहतं, समोरच्याचा मार थेट त्याच्यावर बसतो आणि बे सुटून तुकडे होतात, म्हणजे त्याचे भाग वेगळे होतात. त्यामुळे नवख्या माणसाने शक्यतो ६० च्या रॅचेटपासून सुरुवात करावी.

बिट हा बेचा स्वभाव. फ्लॅट, लो फ्लॅट, रश हे सपाट तळाचे, सैरावैरा धावणारे, म्हणजे हल्ल्याचे. बॉल गोल तळाचा, मध्यावर शांत फिरत राहणारा. नीडल टोकदार, जागा धरून बसणारा. टेपर मधला. एक्सचं वेगळेपण असं, की बिटच्या भोवती दाते असतात आणि स्टेडियमच्या कडेने दात्यांची एक पट्टी जाते. धावता बे त्या पट्टीला लागला की दाते दात्यांत अडकतात आणि बे एकदम वेग घेऊन स्टेडियमच्या आरपार सुटतो. याला एक्स्ट्रीम डॅश म्हणतात. साध्या फ्लॅटला १२ दाते असतात, रशला १०, अ‍ॅक्सेलला १६. सपाट बिटांमध्ये रश हाताळायला सोपा आहे. लो फ्लॅट त्याहून आक्रमक, पण चुकीला माफी नाही.

खरेदीचा क्रम चुकवू नका. बहुतेक जण आधी चार-पाच ब्लेडं घेतात आणि घरातल्या परातीत किंवा प्लास्टिकच्या टबात फिरवतात. त्यात दात्यांची पट्टी नसते, म्हणजे डॅश नाही. बाहेर पडायचे खळगे नसतात, म्हणजे निम्मे गुण नाहीत. असा सराव स्पर्धेत कामाला येत नाही. पहिला खर्च एक्स्ट्रीम स्टेडियमचा करा. स्टेडियम, दोन बे आणि दोन लाँचर एकत्र असलेला सेट सुरुवातीला सगळ्यात परवडतो. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीचा माल भारतात मिळतो, टाकारा टोमी या जपानी कंपनीचा बहुतेक जपानहून मागवावा लागतो आणि कुरिअर व सीमाशुल्क धरून महाग पडतो. दोघांचे एक्सचे भाग एकमेकांत बसतात. नावं मात्र वेगळी: टाकारा टोमीचा ड्रॅन सोर्ड हॅस्ब्रोकडे सोर्ड ड्रॅन होतो, फीनिक्स विंगचा सोर फीनिक्स होतो. एकच ब्लेड दोन नावांनी दोनदा घेतलं जाऊ नये म्हणून ऑर्डर देण्याआधी आकडा आणि फोटो दोन्ही ताडून बघा.

नकली माल भरपूर आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, त्यामुळे दुकानातल्या पाकिटावर ते आधी शोधा. जपानहून थेट आलेल्या पाकिटावर ते नसणार, तिथे वजन बघा. ड्रॅन सोर्डचं ब्लेड साधारण ३५ ग्रॅम, रॅचेट सहाच्या आसपास, बिट दोनच्या आसपास. पूर्ण बे ४० ग्रॅमच्या थोडा वर जायला हवा. अस्सल मालातही अर्ध्या ग्रॅमचा फरक असतो, पण पाच-सहा ग्रॅम कमी भरला तर तो बाजूला ठेवा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो आणि पुढे एकसारखी दोन ब्लेडं आली तर निवडायलाही उपयोगी पडतो. नकली ब्लेडच्या कडेला धातूची कुसळं राहिलेली असतात. ती बोटाला लागतात आणि स्टेडियम खरवडतात. ते फक्त स्वस्त पडलं म्हणून चालवून घेऊ नका.

आता लाँचिंग. वेळ द्यायचा तो इथेच, कारण चांगलं ब्लेड आणि वाईट लाँच यांच्या जोडीला साधं ब्लेड आणि स्वच्छ लाँच सहज हरवतो. सेटसोबत येतो तो वाइंडर लाँचर, म्हणजे दात्यांची लांब पट्टी घालून ओढायचा. बे लाँचरच्या हुकांवर बसवून फिरवला की तो नीट धरला गेला पाहिजे. हलका हलवून बघा, लटपटला तर पुन्हा बसवा. लाँचर धरलेला हात जागेवर राहायला हवा. ओढणारा हात आडवा, सरळ रेषेत जायला हवा. नवख्यांचा ओढणारा हात जवळजवळ नेहमी वर उचलला जातो, त्याने लाँचरचं तोंड तिरकं होतं आणि बे डोलत खाली पडतो. डोलणाऱ्या बेची निम्मी ताकद स्वतःला सावरण्यात जाते. दुसरी चूक म्हणजे सुरुवातीलाच हिसका देणं. पट्टीची पूर्ण लांबी बाहेर येईपर्यंत वेग वाढत गेला पाहिजे, शेवट सगळ्यात जोरात. लाँचर स्टेडियमपासून एक वीत वर ठेवा. त्याहून उंचावरून सोडला तर बे आपटून उडतो.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण करा. हात वर जातोय की नाही हे दोन क्लिपांत दिसतं, नुसतं सांगून कळत नाही. सरावाला समोर प्रतिस्पर्धी नको. बॉल बिट लावून एकटा बे मध्यावर सोडा आणि तो किती वेळ फिरतो ते स्टॉपवॉचवर मोजून लिहून ठेवा. वेळ दर खेपेला फार वर-खाली होत असेल तर लाँच अजून बसलेला नाही. आकडा स्थिर झाला की हल्ल्याच्या लाँचकडे वळा.

हल्ल्याचा लाँच वेगळा असतो. लाँचर स्टेडियमच्या उताराला समांतर तिरका धरायचा, म्हणजे बे उतारावर सपाट उतरतो आणि कडेने पळत पट्टी पकडतो. उजव्या फिरकीचा बे वरून बघताना स्वतः घड्याळाच्या दिशेने फिरतो, पण स्टेडियममध्ये धावतो उलट दिशेने. कुठे सोडायचा हे त्यावरून ठरवा: डॅश घेऊन तो मध्यावर पोहोचेल तेव्हा समोरचा तिथे असला पाहिजे. पूर्ण ताकद लावली तर फ्लॅट किंवा लो फ्लॅट पहिल्याच डॅशमध्ये समोरच्याला न शिवता स्वतःच खळग्यात जातो. थोडा हात राखून ओढलेला लाँच इथे जास्त गुण देतो. बॉल बिटवाल्यांना उलटी काळजी: लाँच तिरका झाला तर त्यांचाही बे पट्टीला लागतो, कारण दाते त्याच्या बिटलाही आहेत.

काही आठवड्यांनी स्ट्रिंग लाँचर घ्यावासा वाटेल. दोरीची ओढ लांब आणि सलग मिळते, पट्टी पुन्हा घालायची कटकट नाही. पण दोरी ओढून झाल्यावर सोडून देऊ नका, हाताने परत आत जाऊ द्या. वाकडी ओढली तर तोंडाशी घासून तंतू सुटतात. वाइंडरची पट्टी वाकली की वळणावर पांढरी पडते, ती बदला. डाव्या फिरकीचा कोबाल्ट ड्रॅगून दिसायला भारी आहे, पण त्याला डावा लाँचर वेगळा लागतो. ती खरेदी नंतरची.

गुण असे: समोरचा आधी थांबला तर १, बाजूच्या दोन खळग्यांपैकी एकात गेला तर २, सुटून तुकडे झाले तर २, मधल्या एक्स्ट्रीम खळग्यात गेला तर ३. आधी ४ गुण करेल तो जिंकला. हे आकडे मनात ठेवून बे निवडावा. टिकून राहणाऱ्या बेला जिंकायला चार फेऱ्या लागू शकतात, हल्ल्याच्या बेला दोन पुरतात. म्हणून नुसत्या बॉल बिटवर भरवसा ठेवणारे सुरुवातीला सगळ्यांना हरवतात आणि समोरच्याचा लाँच सुधारला की अडकतात. थ्री ऑन थ्रीमध्ये तीन बे न्यायचे असतात आणि एकही भाग दोनदा वापरता येत नाही: ना ब्लेड, ना रॅचेट, ना बिट. ही अट फार चांगली आहे. पैसे ओतून एकच भारी जोडणी तीनदा आणता येत नाही.

कमी खर्चात डेक, म्हणजे असा तीन बेंचा संच, कसा जमतो ते बघा. ड्रॅन सोर्ड ३-६०एफ, विझर्ड अ‍ॅरो ४-८०बी, हेल्स सायथ ४-६०टी हे सुरुवातीचे स्वस्त बे. पुढे फीनिक्स विंग ९-६०जीएफ (गिअर फ्लॅट) आणि विझर्ड रॉड ५-७०डीबी (डिस्क बॉल) एवढे दोनच घ्या. मग विझर्ड रॉडला फीनिक्सचं ९-६० रॅचेट आणि अ‍ॅरोचा बॉल लावा. रॉडचं वजन कडेला आहे, ९-६० जवळजवळ गोल, त्यामुळे हा खूप वेळ फिरतो आणि तुकडेही सहज होत नाहीत. फीनिक्स विंगला सोर्डचं ३-६० आणि फ्लॅट, म्हणजे जड ब्लेडचा हल्ला. तिसरा हेल्स सायथ आहे तसाच, ४-६० टेपर. एकही भाग पुन्हा आलेला नाही. पाच बेंच्या भागांतून उभा राहिलेला हा डेक कुठल्याही खेळाडूसमोर ठेवता येतो. नंतर रश मिळाला तर फ्लॅटच्या जागी तो लावा.

महिन्यांच्या वापरात काय झिजलं? ब्लेडला ओरखडे पडतात, रंग जातो, खेळावर परिणाम नाही. रॅचेटच्या टोकांचे टवके उडतात. एकाच टोकाचा मोठा तुकडा गेला तर बे थरथरतो, ते रॅचेट सरावाला ठेवा. सगळ्यात जास्त झिजतो बिट. फ्लॅटची कड गोल होत जाते आणि पूर्वी सरळ पट्टी पकडणारा बे आळशी होतो. जुना आणि नवा फ्लॅट शेजारी ठेवून आडव्या उजेडात बघितलं की फरक दिसतो. बे वारंवार सुटायला लागला तरी आधी बिटच बदला, कारण ब्लेडला धरून ठेवणारा ताण मुख्यतः त्याच्यातून येतो. अर्थात त्याआधी जोडणी तपासा: बिट रॅचेटमध्ये पूर्ण दाबलेला हवा आणि रॅचेट ब्लेडमध्ये फिरवताना "टक्" आवाज यायला हवा. अर्धवट बसलेला बे पहिल्या धडकेत सुटतो आणि दोष ब्लेडला दिला जातो.

स्टेडियममध्ये प्लास्टिकची पांढरी पूड साचते, दात्यांच्या पट्टीत जास्त. प्रत्येक बैठकीनंतर कोरडं फडकं आणि जुना टूथब्रश फिरवा. तेल किंवा पॉलिश अजिबात नको, तळ निसरडा होतो आणि सगळ्या सवयी चुकतात. उन्हाळ्यात, विशेषतः बांधकामं चालू असलेल्या पाथर्डी फाटा, इंदिरानगरच्या बाजूला, खिडकीतून येणारी बारीक वाळू तळावर बसते आणि बिट खाते. वापर नसताना वर चादर टाका. पावसाळ्यात ओल्या हाताने ब्लेड हाताळलं तर पुसून ठेवा, लाँचर कोरड्या डब्यात.

स्टेडियम गुळगुळीत फरशीवर सरकतं आणि सरकलं की दोघांचेही लाँच बिघडतात. खाली योगा मॅट टाका. आवाजही त्याने बराच कमी होतो, फ्लॅटमध्ये खालच्या घरच्यांसाठी ते गरजेचंच आहे. समतल आहे का ते मोबाइलमधल्या लेव्हलने बघा, कारण गच्चीवर पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो आणि तिथे खेळलं तर बे सारखा एकाच खळग्याकडे जातो. पारदर्शक आवरण काढून खेळू नका. धातूचं ब्लेड डॅशनंतर चेहऱ्याच्या उंचीवर उडू शकतं. लहान मुलं वाकून बघत असतील तर त्यांना एक हात मागे उभं करा. निकाल बघायला तिसरा माणूस लागतोच, कारण लाँच करणाऱ्या दोघांना कोणता बे आधी थांबला हे त्या कोनातून नीट दिसत नाही. त्याने उजेडाच्या समोरच्या बाजूला उभं राहावं आणि मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवावा.